शेझालचा मेंढा

नाव : मार्सलीन फोशेर. वय : चौऱ्याहत्तर. हुद्दा : शेझाल शेतवाडीतील ऐतिहासिक जलयंत्रणेच्या मानद देखरेखकर्त्या. तांत्रिक शिक्षण : निरंक. शारीरिक खूण : डाव्या पायाने किंचित लंगडतात.

वारसा खात्याच्या अहवालातली ही नोंद. ज्या सकाळी ती झाली, त्या सकाळी शेझालचा बांध राहणार की फुटणार, ते ठरायचं होतं. गार्तांप नदीवरचा हा बुटका दगडी बांध माशांच्या वाटेत येतो, अशी तक्रार होती. यंत्र चालत असेल तर बांध ठेवायचा, नसेल तर फोडायचा. फुटला की वरच्या कुरणावरच्या गायींचं पाणी संपलं.

यंत्राला तिथे सगळे मेंढा म्हणतात. बांधाखालच्या खड्ड्यात बसलेलं ओतीव लोखंडाचं धूड. नदीचं पाणी नळातून धावत येतं, झडपेवर डोकं आपटतं, आणि त्या धडकेसरशी दहा बादल्यांतली एक बादली बावीस मीटर उंच टेकडीवर चढते. ना कोळसा, ना वीज. मार्सलीन पन्नास वर्षं त्या ठोक्यावर झोपत होती. ठोका थांबला की तिला जाग यायची.

नेमका त्या सकाळी मेंढा तीन धडका देऊन धापा टाकत बसला. आठवड्यापूर्वी वारसाप्रेमी मंडळाच्या कुणा हौशी माणसाने जुनं कातडं फेकून आतल्या झडपेला नवंकोरं रबर लावलं होतं. तपासणीत शोभून दिसावं म्हणून. तेच आता नीट मिटत नव्हतं.

"सरकारी बाई बघून लाजला गं तुझा मेंढा," तिचा दीर फिरमँ म्हणाला.

"तू गप. तू तरी जन्मात कधी ढकलल्याशिवाय चाललायस?"

तपासणीच्या बाई, मादाम व्हेर्न्योल, घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मी बांध मोजून येते. तोवर चालला तर चालला."

त्यांची पाठ वळताच मार्सलीनने डावा बूट काढला आणि फिरमँच्या खिशातली सुरी ओढली.

"अगं, चीज कापायची आहे ती!"

"मग कातडं मऊ पडेल."

तिने बुटाची नाडीखालची कातडी जीभ कापली, नदीत भिजवली, गोल कापून रबराच्या जागी बसवली. मग धडकेची झडप पायाने दाबत राहिली. दहा वेळा. पंधरा. विसाव्या दाबाला मेंढ्याने तिचा पाय झिडकारला आणि स्वतःच ठोका धरला. ठक्. ठक्. ठक्.

मादाम परतल्या तोवर मार्सलीनने बिनजिभेचा ढिला बूट पुन्हा पायात चढवला होता. तिघं टेकडी चढली. वर, जिथे नदी दिसतही नाही, तिथे दगडी डोणीत पाणी पडत होतं, खालच्या प्रत्येक ठोक्यागणिक एक उमाळा. मादामनी पेन खिशात ठेवलं. तोटीखाली हात धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"हे वर ढकलतंय कोण?"

"नदी."

"पण नदी तर खाली चाललीये."

"तेच तर," मार्सलीन म्हणाली. पन्नास वर्षं रोज बघूनही तिने हळूच आपलाही हात तोटीखाली धरला.

उतरताना मादामनी झडप उघडायला लावली, भिंगातून पाहिली आणि लिहिलं : 'झडपेचे कातडे मूळ, एकोणिसाव्या शतकातील, सुस्थितीत. बांध कायम ठेवावा.'

बूट गेरेच्या बाजारातून दोन हजार अकरा साली घेतलेला. मार्सलीन लंगडत नाही.