चार मिनिटांचं गणित

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, बस चुकल्यावर स्टँडच्या बाकावर, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असताना. पण दर वेळी मी ती एकाच जागी थांबवतो. त्यापुढचं कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आज तिथं थांबायचं नाही असं ठरवून बसलोय. बघू.

आधी नेहमीचा भाग सांगू द्या. तेवढी माझी हौस.

नगर जिल्ह्यातल्या एका सरकारी ज्वारी संशोधन केंद्रात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तीन महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळे पंचक्रोशीतला एकमेव जाणकार. बियाण्यांच्या नमुन्यांची खोली त्याच्यासाठी रिकामी केली, तिला एसी बसवला. साहेबांच्या केबिनमध्ये तेव्हा पंखा होता, तोही किरकिरणारा. चपला बाहेर काढायचा नियम मी केला आणि साहेबांनाही मोजे झटकायला लावले. काय सांगू तुम्हाला, असं राज्य मी पुन्हा कधी भोगलं नाही! पूजेच्या दिवशी रंगनाथ शिपाई नारळ हातात घेऊन दारातच अडला. "भाऊ, ह्यो आत फोडू का भायेर? पानी उडालं तर रुसन बिसन." नारळ बाहेर फुटला, पण कुंकवाचं बोट मात्र थेट पडद्याच्या कोपऱ्यावर लागलं. तो डाग मशीन भंगारात जाईपर्यंत तिथंच होता.

शेजारच्या खोलीत मुळेबाई बसत. गणक या पदावर. समोर हाताने दांडा फिरवायचं जुनं हिशेबयंत्र, बाजूला टोक काढलेल्या चार पेन्सिली. शेतातल्या प्रत्येक वाफ्याचं उत्पन्न त्यांच्याकडे यायचं आणि कुठलं वाण खरोखर सरस, कुठलं नुसतं नशिबानं पुढे गेलंय, हे त्या आकडेमोड करून सांगायच्या. एका हंगामाला आठ दिवस लागत. त्यांचं उत्तर चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

हे काम मशीन चुटकीसरशी करेल, असं मी साहेबांना सांगून बसलो होतो. प्रोग्राम लिहिला. तो चालला नाही — म्हणजे चालायचा, पण एका गुंठ्यात मालगाडीभर ज्वारी पिकवायचा. तीन आठवडे मी त्याच्याशी झगडलो. आणि पुण्याहून मोठे साहेब पाहायला येणार, असं पत्र आलं.

मी मुळेबाईंकडे गेलो. म्हटलं, ताळा करायला तुमचा कागद द्याल का? "जपून हं, एकच प्रत आहे," म्हणाल्या आणि दिला. जेवणाच्या सुट्टीत दार लावून मी त्यांचे सगळे आकडे मशीनमध्ये भरले — नुसते छापून दाखव, असा हुकूम देऊन. गणित काहीच नाही. त्याआधी मशीनला रिकामे आकडे मोजत बसवलं, म्हणजे ते विचार करतंय असं वाटावं. किती वेळ करावा विचार? चार मिनिटं मला शोभून दिसली.

पुण्याचे साहेब मोज्यांवर उभे. मी बटण दाबलं. चार मिनिटं कुणी खोकलं नाही. मग प्रिंटर कर्रर्र करत लांबलचक कागद ओकू लागला आणि साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आठ दिवसांचं काम, चार मिनिटांत!" टाळ्या. कागद हातोहात फिरत मुळेबाईंकडे आला. त्यांनी चष्मा वर केला, रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दशांशापुढे दोनच आकडे ठेवतं वाटतं मशीन. माझ्यासारखंच."

मशीन खरोखर मोजत असतं, तर दशांशापुढे सात-आठ आकडे फेकतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंकवाकडे पाहिलं.

इथं लोक हसतात. इथं मी थांबतो.

पुढचं असं — दोन महिन्यांनी पुण्याहून विचारणा आली. मशीन हे काम करत असेल तर गणकाचं पद तिथं कशाला? जिल्ह्याच्याच डोंगरी टोकाला, अकोले तालुक्यातल्या भात केंद्रावर गणक नाही, तिकडे द्यावं. मात्र मशीन काम करतं, असं प्रमाणपत्र हवं. सरकारी कचेरी आहे, टाळ्यांवर कसं भागेल? हेडक्लार्क शेखभाऊसाहेब मसुदा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "सदर प्रोग्राम स्वतंत्रपणे व अचूक चालतो." खाली माझं नाव.

पेनाचं टोपण काढता काढता ते म्हणाले, "नीट वाच बरं का. चालत नसेल तर तसं लिहू, आपल्याला काय घाई आहे?"

ऐकलंत ना? माणसानं दार उघडून धरलं होतं. नोकरी जाणार नव्हती. साहेब रागावले असते, रंगनाथ आठवडाभर हसला असता. एवढंच. पण ज्याला सगळ्यांना हसवायची सवय, त्याला कुणी आपल्यावर हसलेलं — नाही, हे कारण म्हणून सांगत नाही. काय होतं तेवढं सांगतोय. मी झोकदार सही केली. खाली कार्बन, तीन प्रती, म्हणून दाबून केली.

मुळेबाईंचे यजमान नगरला शाळेत शिक्षक, मुलगी नववीत. बाईंनी अकोल्याला पत्र्याची खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पाच वर्षं.

आणि इकडे नवा हंगाम आला. आकडे आले. गणक नव्हता, आणि प्रोग्राम अजून मालगाड्या भरत होता. मी काय केलं असेल? गठ्ठा बांधला आणि अकोल्याची एसटी धरली. हो, त्यांच्याचकडे.

"आलास? बस," म्हणाल्या. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी वाढली. मग माझा प्रोग्राम कागदावर उतरवून घेतला आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ स्वतः मशीन असल्यासारख्या चालत गेल्या. त्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नव्हता. अर्ध्या तासात पेन्सिल थांबली. "अरे, पाटी न पुसताच पुढचं गणित मांडतोयस की!" एका वाणाची बेरीज संपल्यावर ती शून्य करायची मी विसरलो होतो, म्हणून दुसऱ्याची त्यावर चढत होती, तिसऱ्याची त्याच्यावर. परत येऊन मशीनमध्ये ती एक ओळ घातली. प्रोग्राम चालला.

कळतंय ना काय झालं? माझं खोटं प्रमाणपत्र त्या दिवशी खरं झालं, त्यांच्या पेन्सिलीनं. आणि त्यांना परत बोलवायचं कारणही तिथंच संपलं. मी तेव्हा तरी बोललो का? दुसरी भाकरी घेतली.

त्या तिथं होत्या तोवर मी महिन्यातून एकदा जात राहिलो. मला जे काही येतं ते त्या पत्र्याखाली आलं — आकड्यावर संशय कसा घ्यावा, उत्तर उलटं कसं तपासावं, माहीत नाही असं कधी लिहावं. माझ्या बढत्या, माझं घर, पोरांची शिक्षणं, सगळं त्यांनी दिलेलं आहे. हे मी आनंदानं सांगतो, कुणीही विचारावं. त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही मी अकोल्यालाच होतो. त्या टेलिफोन बूथमध्ये उभ्या, मी काचेबाहेर त्यांची पिशवी धरून. त्या फोनवर हसत होत्या आणि मोकळ्या हातानं काच पुसत होत्या. काच स्वच्छ होती.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. केंद्रानं तो पहिला प्रिंटआउट फ्रेम करून मला दिला. मुळेबाई आल्या होत्या, लेकीचा हात धरून, तिसऱ्या रांगेत. आग्रह झाला, मी गोष्ट सांगितली — नारळ, मोजे, चार मिनिटं. हॉल हसला, त्याही हसल्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "छान रंगवतोस रे. दर वेळी तिथंच थांबतोस मात्र."

फ्रेम अजून भिंतीला टेकवून ठेवली आहे. खिळा ठोकलेला नाही.

मुळेबाई या वयातही भिंग धरून छापलेलं सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून ते शेवटच्या ओळीत लिहितो. प्रोग्राम चालत नव्हता, मला ते माहीत होतं, आणि तिन्ही प्रतींवरची सही माझी आहे.