तिने विचारलं होतं

"बोल गं," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नकोस. सगळे आपलेच आहेत."

शाळेच्या हॉलमध्ये पालक बसले होते. पोछ्याची बादली दाराशी ठेवून मी तशीच स्टेजवर गेले होते, पदर खोचलेला, हात ओले. मॅडमनी माइक माझ्या तोंडासमोर धरला आणि आधी हिंदीत ओळख करून दिली. "ये हमारी आया है. आठवीं पास, वो भी सरकारी स्कूल से. अब सुनिए."

मी म्हटलं, "गुड मॉर्निंग. आय ॲम ॲन आया. आय क्लीन द क्लासरूम. आय लव्ह माय स्कूल."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक साहेब मोबाइल उचलून म्हणाले, "दीदी, एक बार फिर से. रेकॉर्ड नहीं हुआ." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा टाळ्या. मग मॅडम पालकांना म्हणाल्या, "जब इसको आ सकती है, तो आपके बच्चों को क्यों नहीं आएगी?"

सगळे हसले. मीही हसले.

माझा अपमान झाला होता आणि मला तो कळला नव्हता. उलट मी फुगले होते. घरी येऊन नवऱ्यासमोर, पोरांसमोर ती वाक्यं पुन्हा म्हणून दाखवली. कोल्हा काकडीला राजी, तशी मी तेवढ्या टाळ्यांना राजी. आज याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. अपमान करणाऱ्याचा राग येतो, पण तो गोड मानून घेणाऱ्या बाईचं काय करायचं?

मॅडमचं घराणं देवासचं जुनं, थोरल्या पातीच्या, म्हणजे तिथल्या थोरल्या राजांच्या, दफ्तरातलं. आमचे पूर्वजही त्याच राजांच्या लवाजम्याबरोबर दक्षिणेतून आले, पण मशाली धरायला आणि पाणी भरायला. माझी सासू त्यांच्या घरी श्राद्धपक्षाची भांडी घासायला जायची. सासूमागून मी गेले. घरी त्यांना ताईसाहेब म्हणायचं आणि शाळेत मॅडम. मला त्या दोन्हीकडे "अगं" म्हणायच्या. शाळेत आयाची नोकरी त्यांनीच दिली, आणि इंग्रजीही त्यांनीच शिकवलं. मी बेंच पुसायचे, त्या खुर्चीत बसून एकेक वाक्य सांगायच्या. यस मॅडम. सॉरी मॅडम. आय ॲम कमिंग. द फ्लोअर इज क्लीन. मी ती पोछ्याच्या तालावर पाठ करायचे. माझ्या माहेरी, सोनकच्छच्या सरकारी शाळेत इंग्रजीचे सर वर्षभर फिरकलेच नव्हते, त्यामुळे मला हे मोठं दान वाटायचं. त्या सगळ्या वाक्यांत मी एकतर येते आहे, नाहीतर पुसते आहे, नाहीतर माफी मागते आहे, हे कधी मनात आलं नाही.

त्या कार्यक्रमानंतर मॅडमनी मला बढती दिली. असं त्या म्हणाल्या. केजीच्या टॉयलेटचं दार माझ्याकडे आलं. नियम सोपा होता. मूल येईल, पूर्ण वाक्य म्हणेल, "मे आय गो टू द टॉयलेट, दीदी?", मग मी कडी काढायची. हिंदीत मागितलं, मराठीत मागितलं, नुसतं बोट दाखवलं, तर नाही. "तू कडक राहिलीस तर महिन्याभरात पोपटासारखी बोलतील," मॅडम म्हणाल्या.

मी कडक राहिले. मला आवडायचं ते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला परवानगी मागत होतं, तेही इंग्रजीत. डॉक्टरांची मुलं, वकिलांची मुलं माझ्यासमोर रांगेत उभी राहायची.

तनू त्याच वर्षी आली. आमच्याच गल्लीतली, सुनीताची मुलगी. सुनीता कंपनीत पॅकिंगला जाते. गरिबांच्या मुलांसाठी शाळेत ज्या फुकटच्या जागा ठेवाव्या लागतात, त्यातली एक तनूला मिळाली. ती जागा आहे हे सुनीताला मीच सांगितलं होतं. ती घाबरत होती. "बिलकुल छोटी आहे हो वहिनी, एवढ्या मोठ्या शाळेत हरवून जाईल."

"मी आहे ना तिथे," मी म्हटलं होतं.

त्या दिवशी मॅडम नवीन ॲडमिशनवाल्या पालकांना शाळा दाखवत फिरत होत्या. तनू दाराशी आली. शाळेत सगळी मुलं मला दीदी म्हणतात, ती मात्र घरच्यासारखं काकी म्हणायची.

"काकी, शू."

"इंग्लिशमध्ये."

"मे आय..." म्हणाली आणि थांबली. पाय जुळवून उभी. वाक्य तिला येत होतं, आदल्या दिवशी म्हटलं होतं तिने. पण घाई लागलेल्या पोराला वाक्य कुठून आठवणार?

मॅडम पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात वळताना मला दिसल्या. कडी माझ्या बोटांत होती. काढली असती तर कोणाचं काय जाणार होतं? पण मला त्यांना दाखवायचं होतं. मी आवाज चढवून म्हटलं, "फुल सेंटेन्स, तनू. फुल सेंटेन्स."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि तशीच उभ्या उभ्या तिला झाली. मोजे भिजले, बूट भिजले. मागची मुलं हसली. पाहुण्यांतल्या एका बाईने ओढणी नाकाला लावली. मॅडम हसूनच त्यांना म्हणाल्या, "फ्री सीट वाले हैं, थोड़ा टाइम लगता है."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "छी, तनू!"

मोठ्याने म्हटलं, पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून. मग आधी फरशी पुसली. पाहुणे होते ना. पोर तशीच ओल्यात उभी, आणि मी तिच्या बुटांच्या भोवतीने पोछा मारत होते. फरशी झाल्यावर तिला आत नेलं. ती रडली नाही. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. खोटं आहे ते. घेतलं नसतं.

त्यानंतर तनू कधी दाराशी आलीच नाही. मला वाटलं, चला, शिकली, सवय लागली. मॅडमलाही तसंच सांगितलं.

मग ती तापली. ताप उतरेना, लघवीला जळजळ. सुनीताने डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरने विचारलं, मुलगी पाणी पिते का, लघवी दाबून ठेवते का? तेव्हा सुनीताच्या ध्यानात आलं, की तनू सकाळी पाण्याचा घोटही घेत नव्हती. दूध सांडून टाकायची. शाळेतून बाटली भरलेलीच परत यायची. चार वर्षांच्या पोरीने एकटीने काढलेला उपाय होता तो.

संध्याकाळी सुनीता माझ्याकडे आली. ओट्यावर बसली. "वहिनी, तुम्ही तर तिथेच असता. शाळेत काही झालं का हो? ती बोलतच नाहीये."

मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. "नाही गं. मला तर काही विचारलं नाही तिने."

इतकं सहज निघालं तोंडातून! सुनीता हो म्हणाली, चहासुद्धा प्यायली माझ्याकडे.

पण आई ती, कशी गप्प बसणार? दुसऱ्या दिवशी खाडा करून शाळेत आली. गेटवरच्या चौकीदाराला म्हणाली, "भिया, मॅडमला भेटल्याबिगर जाणार नाही." तिला बाहेर बसवून मॅडमनी आधी मला आत बोलावलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तू एवढंच म्हणायचं, द चाइल्ड डिड नॉट आस्क मी. मुलीने मला विचारलंच नाही. इंग्रजीत म्हण, म्हणजे तिला जरा शाळेचा धाक वाटेल. पुढचं मी बघते. शाळेतून नाव काढून नेऊ दे तिचं, आपल्याकडे बसत नाही ती मुलगी. म्हण बघू."

मी म्हटलं, "द चाइल्ड डिड नॉट आस्क मी."

"शाबास."

आणि तिथेच माझ्या ध्यानात आलं. वाक्य नवीन नव्हतं. आदल्या संध्याकाळी तांदूळ निवडताना मी हेच म्हटलं होतं, मराठीत, कोणी न शिकवता. मॅडमनी फक्त त्याचं इंग्रजी करून दिलं होतं. इतकी वर्षं वाटायचं, मी त्यांच्याकडून भाषा शिकते आहे. मी त्यांचं सगळंच शिकले होते. गरिबाचं पोर दाराशी अडवायचं, त्याची फजिती झाली की छी म्हणायचं, आणि वर त्याचीच चूक काढायची. माझ्या सासूला त्यांच्या घरी मागच्या दाराने यावं लागायचं. मी तर पोरीला मोरीचंही दार उघडलं नाही.

सुनीता आत आली. तिला बसायला सांगितलं नाही. तिची नजर माझ्याकडे गेली आणि चेहरा जरा सैल झाला. ओळखीचं माणूस दिसलं ना तिला. ते मला सहन झालं नाही.

मॅडम म्हणाल्या, "आमच्या आयालाच विचारा. टेल हर."

मी म्हटलं, "सुनीता, तनूने विचारलं होतं. मी जाऊ दिलं नाही. पोर दाराशी उभी होती आणि कडी माझ्या हातात होती. काल तुझ्याशी मी खोटं बोलले."

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "व्हॉट आर यू सेइंग?"

तेव्हा मी त्यांच्याकडे वळले. "शी आस्क्ड मी, मॅडम. आय सेड नो. युवर रूल. माय हँड."

बरोबर होतं की चूक, ठाऊक नाही. कोणी पढवलं नव्हतं. मागे सॉरीही लावलं नाही.

मॅडम शांतपणे मराठीत म्हणाल्या, "ज्या ताटात खाल्लंस त्यातच घाण केलीस. सासू अशी नव्हती गं तुझी." मी म्हटलं, "नव्हती. तिचं आयुष्य भांड्यातच गेलं." कपाटातून माझी पिशवी घेतली आणि निघाले. पगार मागायला परत गेले नाही.

गेटबाहेर सुनीता उभी होती. मला वाटलं, काहीतरी बोलेल. खरं सांगते, मनात कुठेतरी आशाही होती, की म्हणेल, वहिनी, तुम्ही खरं बोललात.

ती म्हणाली, "मॅडमचं सोडा. त्या परक्या. तुम्ही तर तिला मांडीवर खेळवलं होतं." आणि टेकडीच्या रस्त्याने निघून गेली.

तनू आता गल्लीत मला पाहिलं की आत पळते. मी हाक मारत नाही. तिला भीती वाटते, आणि ती माझीच भीती आहे, मॅडमची नाही. मॅडमला तिने धड पाहिलंही नसेल.

मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, साहेब स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकतात. सुनीताने अर्ज दिला आहे. त्यात शाळेचं नाव आहे आणि माझंही आहे. नवरा म्हणतो, "पागल झालीस का? सुनीताच्या पाया पड, तुझं नाव काढून घे. आणि साहेबांसमोर सांग, मॅडमच्या दबावात केलं. हुकमाची ताबेदार होतीस तू."

सुनीताच्या पाया मी पडणार नाही. पाया पडून मोकळं व्हायला बघते आहे, असंच होईल ते. माझं नाव काढ असंही सांगणार नाही. मंगळवारी मी तिच्यामागे रांगेत उभी राहणार आहे. ती माझ्याशी बोलली नाही तरी. साहेबांनी विचारलं तर आधी सांगेन, पोरीला अडवणारी बाई मी आहे. त्यानंतर सांगेन, हा नियम कोणी केला आणि आजही त्या दाराशी कोणाची मुलं उभी आहेत. मला शिक्षा व्हायची ती होऊ दे. पण हुकूम होता, असं मी म्हणणार नाही.