कुंडीतला ओक

आधीच सांगते, मला झाडांमधलं ओ की ठो कळत नाही. बत्तीस वर्षं मी इथे परदेशात, हॉस्पिटलात लोकांना भूल दिली, बागकामाला सवड होती कुणाला? तरी आमच्या मागच्या गार्डनमध्ये आज एक ओक उभा आहे, इथल्या जंगलांतलं ते मोठं झाड, आणि तो मी लावलाय. नवऱ्याच्या नाकावर टिच्चून.

त्याचं बी सापडलं पार्कमध्ये, मी रिटायर झाले त्या वर्षी. छोटीशी टोपी घातलेलं. कोटाच्या खिशात टाकलं आणि घरी येऊन दह्याच्या रिकाम्या डब्यात पुरलं. स्प्रिंगमध्ये कोंब आला तेव्हा मी नवऱ्याला वरून हाका मारून खाली बोलावलं. ते म्हणाले, "छान. पण कुंडीतच लाव हं. आपण काय, परत पुण्याला जाणार."

हे 'जाणार' आमच्या घरात पंचवीस वर्षं चाललंय. जिन्यातलं कार्पेट पार विरलं, तरी बदललं नाही. का, तर जाणार! आता त्या वीतभर कोंबालाही तेच.

ऑटममध्ये त्याची पानं तपकिरी झाली आणि माझं धाबं दणाणलं. मग मी तेच केलं जे इथली कुठलीही मराठी बाई करेल. ऑक्टोबरात तुळस घरात घेतो ना, तसा ओकही आत घेतला. किचनमध्ये रेडिएटरजवळ, तुळशीच्या शेजारी. रोज आंघोळ झाली की दोघांनाही पाणी. जानेवारीत ओकला पानं फुटली! मी फोटो काढून सगळ्या मैत्रिणींना पाठवले. महिन्याभरात ती पानं लुळी पडली आणि त्यांच्यावर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी चढली.

शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाई चहाला आल्या होत्या. त्यांनी कुंडी पाहिली आणि कप खाली ठेवला. "याला थंडीत झोपायचं असतं. इथलं झाड आहे हे. तू त्याला झोपूच देत नाहीयेस."

मी भूल देणारी डॉक्टर, आणि हे मला ऐकून घ्यावं लागलं. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांच्या सांगण्यावरून कुंडी आधी थंड शेडमध्ये ठेवली, मग उघड्यावर. ओक जगला. पुढची दोन वर्षं चांगला वाढला, तिसऱ्या वर्षी मात्र तसूभरही हलला नाही. बाईंनी कुंडी तिरपी करून खालचं भोक दाखवलं. त्यातून मुळं बाहेर आली होती. "जमिनीत लाव. नाहीतर मरेल."

मी घरात येऊन नवऱ्याला सांगितलं. ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "दोन वर्षांत घर विकायचंय. मागे ओक बघून कोण घेईल? वडाएवढा होतो तो. बाईंना देऊन टाक."

देऊन टाक! माझं डोकंच फिरलं. माझं झाड मी का देऊ?

नोव्हेंबरात ते फ्लूचं इंजेक्शन घ्यायला गेले, तेवढ्यात मी घरापासून लांब, पार टोकाच्या कुंपणाजवळ खड्डा खणला. झाड कुंडीतून सुटेना. शेवटी खलबत्त्यातला बत्ता आणला आणि कुंडीच फोडली. आत मुळं एकमेकांना वेढे घालून बसली होती. मी गुडघ्यांवर बसून ती एकेक सोडवली. एक सुटेचना, ते कापलं. माती लोटली, पायाने दाबली, तोवर गेट वाजलं.

"हे काय केलंस?" ते खापऱ्यांकडे बघत होते.

"लावला."

"म्हणजे आपण जायचं नाही?" आवाज एकदम बारीक झाला होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मागे हटले नाही.

"तुम्हाला जायचं तर जा. मी नाही येणार. मला इथेच राहायचंय, कधीपासून."

इतक्या वर्षांत हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. ते आत गेले. चार दिवस आमच्यात "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलणं होतं.

पाचव्या दिवशी ते दुकानातून कार्पेटचे नमुने घेऊन आले आणि माझ्यासमोर टेबलावर मांडले.

"जिन्यासाठी," ते म्हणाले. "कुठलं घ्यायचं?"

मी म्हटलं, "जे सगळ्यात जास्त टिकेल ते."