इंग्रजी प आणि गालातला खर्रा

यवतमाळात एका मेडिकलच्या वरच्या खोलीत इंग्रजी उच्चारांचा क्लास चालायचा. चालवणारे सर नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते, पण 'वॉटर' म्हणताना असा चेहरा करत, जणू त्यांच्या नळाला लंडनहूनच पाणी येतं. भिंतीवर मधोमध कापलेल्या डोक्याचं चित्र होतं. जीभ, टाळू, दात, घशातली स्वरयंत्राची पेटी, सगळं उघडं. असं मुंडकं मी फक्त खाटकाकडे पाहिलं होतं. बोकड मात्र इंग्रजीचा आव आणत नव्हता.

"आवाज फुफ्फुसातल्या हवेचा," सर म्हणत. "तोंड फक्त तिची वाट अडवतं." सरांच्या तोंडून बाहेर पडलेलं एवढं एकच वाक्य कामाचं निघालं.

खालच्या ओठावर वरचे दात टेकवून हवा सोडली की एक व, ओठांचा चंबू केला की दुसरा. जिभेचं टोक दातांत धरलं की इंग्रजांचा थ. आणि सगळ्यांत मानाचा प. ओठ मिटायचे, आत हवा कोंडायची आणि फटकन सोडायची. आपला प कोरडा, त्यांचा वाफेचा. तो तपासायला ओठांपुढे कापसाचा पुंजका धरून 'पेन' म्हणायचं. पुंजका हलला तर तुम्ही साहेब.

त्या वर्षी कापसाला भाव म्हणजे निव्वळ थट्टा होती. घराघरात कापूस आढ्याला टेकलेला, आणि हे गृहस्थ खालच्या मेडिकलमधून कापसाची गुंडाळी आणत. मी एकदा घरचा कापूस नेला, तर म्हणाले, "यात सरकी आहे. जड पडतो. उच्चाराला चालत नाही." बाजारात चालत नव्हताच, आता उच्चारालाही चालेना.

तरी मी तिथे जात राहिलो, कारण पांढरकवड्याच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी मास्तराची जागा निघणार होती. आई म्हणाली होती, "हे लागलं तं वावर सुटते तुह्यं. नाई तं बस माह्यासारखा बोंडं तोडत."

मुलाखतीच्या दिवशी वर्गापुढे पाठ घ्यायचा होता. एस्टीतून उतरलो आणि धीर यावा म्हणून बसस्टँडवर खर्रा घोटून घेतला आणि अर्धा गालात धरला. सुपारी, तंबाखू, चुना. आमच्याकडे पुरुषमाणूस यावर चालतो. शाळेत पोचतो तोच नाव पुकारलं. थुंकायला गेलो तर प्रत्येक कोपऱ्यात, खिडकीत 'येथे थुंकू नये'ची पाटी. राहू दे म्हटलं. गालात खर्रा ठेवून, हनुवटी वर करून बोलण्यात आमचा सगळा जिल्हा तयार. मी तर त्यात पदवीधर.

फळ्यावर कापलेलं डोकं काढलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे कोहळं हाये का?" बाजूला खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष आणि हेडमास्तर बसले होते. अध्यक्ष एक शब्द बोलत नव्हते. मला वाटलं, काय गंभीर विद्वान माणूस!

व म्हणताना लाळ हनुवटीवर आली, ती रुमालाने टिपली. थ म्हणताना जीभ बाहेर काढली. ती कुठल्या रंगाची होती ते पुढच्या बाकावरच्या पोरींच्या तोंडांवरून कळलं. तिथे तरी थांबावं की नाही? पण मला प दाखवायचा होता. खिशातून कापूस काढला, मेडिकलमधला, पांढराशुभ्र. ओठांपुढे धरला, छातीभर हवा कोंडली आणि म्हणालो, "पेन!"

प अस्सल निघाला. पुंजका लाल झाला आणि सुपारीचा एक तुकडा अध्यक्षांच्या सफारीवर जाऊन बसला.

अध्यक्षांनी तुकडा चिमटीत धरून निरखला, हनुवटी वर केली आणि विचारलं, "उं उंउं उं?"

हेडमास्तर गोंधळले. मला मात्र अक्षर न् अक्षर कळलं. "बसस्टँडवरून आनला, साहेब."

अध्यक्षांनी हात पुढे केला. मी उरलेली पुडी त्यावर ठेवली. जागा पक्की, मी मनात म्हटलं. एवढी भाषा जुळल्यावर आणखी काय लागतं?

अध्यक्ष उठले, खिडकीशी गेले, पाटीच्या बरोब्बर खाली पिचकारी मारली आणि मोकळ्या तोंडाने म्हणाले, "उच्चार झकास हायेत तुमचे. पन जागा आमच्या साळ्याच्या पोराले देल्ली. हे पाठबिठ कागदासाठी घेनं पडते."

म्हणजे माझी तीन महिन्यांची हवा आधीच बंद केलेल्या दारावर चालली होती. आणि मी मूर्ख, जाताना त्यांना 'थँक्यू' म्हणालो. तेही जिभेचं टोक दातांत धरून.

गावी पोचलो तेव्हा आई वावरातच होती. ओटीत कापूस, हात चालूच.

"काय झालं रे? बोलला का इंग्रजी?"

खर्रा तर तिकडेच गेला होता. तोंड रिकामं. फुफ्फुसात हवाही होती. तरी मी नुसती हनुवटी वर केली.

तिने एक बोंड तोडलं, माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"समजलं. कपडे बदल अन् कपाशीच्या त्या तासाले लाग. इथं तोंडाचं काम नाई."