कोतवालाची नक्कल

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी त्या माझ्यासोबत वावरात यायच्या. एकदा ट्रॅक्टरमागे साळुंक्या अळ्या टिपत होत्या. तेवढ्यात शिकऱ्याचा आवाज आला आणि साऱ्या भुर्रकन उडाल्या. मी आभाळभर शिकरा शोधला.

“शिकरा कायले पाहून राह्यली? कोतवाल होय तो,” त्या हसल्या. “झडप घालाची असली तर शिकरा वरडत नाही, बाई.”

खरंच, काळाभोर कोतवाल उतरून साळुंक्यांनी टाकलेली अळी गिळत होता. मी थक्क झाले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं ऑपरेशन झालं. पुन्हा वावरात आल्या तेव्हा त्या वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून तारेवरच्या कोतवालाकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

“लबाड हाय,” त्या म्हणाल्या, “पण शेपटी मोठी झोकदार हाय!”