नव्या डब्यातल्या कुरडया

“उतरव! उतरव आधी ती कढई! अरं, आईला वरीस न्हाई झालं आन् तू तळणाला बसलास व्हय?”

हा आमच्या आत्याचा आवाज. तिचं सासर केडगावचं, घर स्टेशनाला लागून. उभा जन्म रेल्वेच्या वरताण बोलण्यात गेल्यामुळं ती नुसती कुजबुजली तरी मालगाडी थांबायची. त्या पाडव्याला ती मांडवगणात आमच्या स्वयंपाकघरात ओरडली आणि नदीपलीकडच्या बायकांनीसुद्धा आपापल्या कढया खाली उतरवल्या, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

मी कढई उतरवली. आई दिवाळीच्या तोंडावर गेली होती. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानं वर्षभर सण धरायचा नाही, गुढी उभारायची नाही, कढई चढवायची नाही. सणाचं जेवण भावकीनं आणून द्यायचं. आमच्या गुढीची काठी कोपऱ्यात आडवी पडून होती आणि बाहेर सगळ्या आळीत रेशमी खण फडफडत होते.

भावकी आमची चांगली. पण चांगुलपणातसुद्धा माणसं चढाओढ करतात. दुखवट्याच्या घरी साधं काही कसं न्यायचं? म्हणून झाडून सगळ्या घरांनी पुरणपोळ्याच आणल्या. पुरणाच्या येळवणीची आमटी कुणीच आणली नाही. पातेलं हिंदकळतं, लुगड्यावर सांडतं. ‘ती आणील की दुसरं कुणीतरी’. कोशिंबीर नाही, चटणी नाही, भजं नाही, पापड नाही. पोळ्यांची चळत एवढी उंच झाली, की एक कावळा तिला गुढी समजून वरच्या टोकावर येऊन बसला आणि खाली बघून त्याला घेरी आली.

हसू नका. कारण पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आमचे आबा गोडाला शिवत नसत. सण ते ताटाच्या डाव्या बाजूनं जेवत. चटणी, कुरडया, आणि उजवीकडची फक्त आमटी, वाट्यांवर वाट्या. पोळी आपली आमटीवर झाकण म्हणून. आई गेल्यापासून त्यांचं जेवण म्हणजे भाकरीचा चतकोर आणि तांब्याभर पाणी. बोलणं त्याहून कमी. मी दौंडला कारखान्यात, खोली करून राहायचो, सुट्टीला यायचो. दर खेपेला त्यांचा सदरा एकेक माप मोठा झालेला दिसायचा. निदान सणाच्या दिवशी तरी ते दोन घास पोटभर खातील, एवढीच माझी धडपड. म्हणून माळ्यावरचा कुरडयांचा डबा काढला होता.

या कुरडयांचंही एक प्रकरण होतं. आई दरवर्षी चैत्रात गहू भिजवून, चीक शिजवून, सोऱ्यानं बाजेवर कुरडया घालायची. आणि दरवर्षी चिकात मीठ जास्त पडायचं. इतकं, की ऊन उतरल्यावर गावची गुरं आमची बाज चाटायला रांग लावायची. आबा प्रत्येक सणाला पहिली कुरडई मोडत म्हणायचे, “खारट झाल्यात.” आई म्हणायची, “मग ठिवा की खाली.” आबा खाली ठेवायचे नाहीत. बारा महिने तेरा त्रिकाळ हाच त्यांचा संवाद, आणि मी मधे बसून दोघांच्याही वरताण बडबडायचो. घरात आवाज भरपूर होता तेव्हा.

जुना डबा संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही, हा आईचा नियम. जुना संपेपर्यंत ती अंथरुणाला खिळली. नवा डबा फडकं बांधून तसाच राहिला होता.

“आत्या, शेजारी चुलतीकडं तळून आणतो,” मी म्हणालो. “तिच्या कढईला कुठं वर्ष पाळायचंय?” आणि डबा काखेत मारून उंबऱ्याकडं निघालो.

उंबऱ्यात आबा बसले होते. ते उठले नाहीत. नुसता हात आडवा धरला.

“डबा घराबाहेर जायाचा न्हाई.”

सकाळपासूनचं त्यांचं ते पहिलं वाक्य. आत्यासुद्धा गप्प झाली. केडगावच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी. मी डबा खाली ठेवला. आत कढई चालत नाही, बाहेर डबा जात नाही. मधे मी, हातात झारा घेऊन, भाड्यानं आणलेल्या आचाऱ्यासारखा.

आत्यानं पदर खोचला. चुलीपुढं बसून राख बाजूला सारली, आर पुढं ओढला.

“काय करतीस?”

“तळायचं न्हाई म्हणलं मी. भाजायचं न्हाई असं कवा म्हणलं?” ती म्हणाली. “आन् तू झारा ठिव तो. लसूण सोल.”

तिनं फडक्याची गाठ सोडली. आईनं मारलेली गाठ. दातानं सोडावी लागली. निखाऱ्यावर कुरडई तेलातल्यासारखी फुलत नाही. कडेनं पांढरी होते, मधे काळे ठिपके पडतात. आत्यानं उलटीपालटी करत भाजल्या, मी लसूण-मिरची खलबत्त्यात कुटली. ताटात कडुलिंबाचा पाला, चटणी, कुरडया. उजवी बाजू मोकळीच ठेवली.

आबांनी कुरडई मोडली. आत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं असे बघत होतो, जणू निकालच लागायचा आहे. मी तर मनात आईचं उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, ते ‘खारट’ म्हणाले की आपण म्हणायचं, “मग ठिवा की खाली.”

आबांनी पहिली संपवली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. भाकरी मागितली. ताट पुसून खाल्लं, आणि हात धुऊन पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसले.

दुपार कलल्यावर आत्या गेली. तिच्याबरोबर घरातला आवाजही गेला. पोळ्या गुरांना घालायला फडक्यात बांधून मी गोठ्याकडं ठेवल्या. मग मीही पिशवी उचलली. आबा फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत मी बडबड बडबड बडबडलो. दौंडच्या मेसमधल्या आमटीत बुडी मारून डाळ शोधावी लागते, घरमालकाची म्हैस रेडिओवरच्या बातम्या ऐकूनच पान्हा सोडते, असलं काहीबाही. आई असती तर म्हणाली असती, “थापा पुरं.” कुणीच म्हणालं नाही. मला स्वतःलाच थांबावं लागलं.

“आबा, चला ना माझ्याबरोबर. चार दिवस.”

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. एसटीचा धुरळा दिसू लागला. आता ते एकटेच परतणार, आणि मी खोलीचं कुलूप एकटाच उघडणार. काहीतरी विचारायचं म्हणून, आणि एकदा तरी ते जुनं वाक्य ऐकायचं म्हणून, मी विचारलं,

“कुरडया खारट होत्या ना?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “ह्या टायमाला मीठ बराबर घातलं व्हतं तिनं.”