उघडे बिबडे

कुणाच्याही घरी गेली की ती आधी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायची आणि काळं झालेलं बोट घरातल्यांसमोर धरायची. "हाई देखा, आजनी हवा." मग ते बोट पदराला पुसून चहाचा कप उचलायची. पाहुणी म्हणून येऊन घराची झडती घेणारी अशी बाई तुम्हीही क्वचितच पाहिली असेल.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत तिला सगळे जिजी म्हणायचे. मूळची धुळ्याकडची. नवरा कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये, ही घरी बसून साड्यांना लेस लावणारी. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात असतो. नवऱ्याचा दम्याचा पंप न्यायला यायची तेव्हा बिलातल्या कराच्या ओळीवर बोट ठेवायची.

"भाऊ, यामा सरकारनं कितलं?"

मी सांगायचो.

"आन् मिल कितलं भरस?"

मिलला नव्या बॉयलरसाठी करात सूट होती. तपासणीही सैल केलेली, कारण उद्योगांना त्रास नको हे राज्याचं धोरण. आमचा सरकारी दवाखाना मात्र खर्च झेपत नाही म्हणून आठवड्यातून दोनच दिवस उघडायचा.

"म्हंजे मना नवराना दमावर सरकार कमाई करस," असं शांतपणे म्हणत ती पंप पदरात बांधायची. गिऱ्हाइकं हसायची. मला मात्र त्या हिशोबाची चीड यायची, अजून येते.

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर खानदेशी बायका बिबडे घालतात. ज्वारीचं पीठ शिजवून पातळ थापायचं, खाटेवर कडक वाळवायचं, की वर्षभराची सोय झाली. मिलच्या चिमणीची काजळी पडू नये म्हणून वर जुनी साडी पसरायची, ही सुरतेची भर. गावाकडे असलं काही लागत नाही.

मिलच्या कोळशाच्या दुसऱ्या बॉयलरसाठी जनसुनावणी लागली, त्या उन्हाळ्यात जिजीने आपल्या खाटेवरची साडी काढून घेतली. "यंदा झाकानं नही."

शेजारीण वैतागली. "वरीसभर पोरं काय खातीन?"

"मी मना उघडा ठेवसू. तुम्ही तुमना झाका."

संध्याकाळी पाहिलं तर तीळ न घालताच तिचे बिबडे तिळाचे दिसत होते. दुसऱ्या दिवशी आणखी काही खाटांवरच्या साड्या निघाल्या.

सुनावणीला आलेल्या साहेबांनी धूर मर्यादेतच असल्याचं तिला समजावलं, "मासी, बधुं लिमिटमां छे."

तिने तळलेल्या बिबड्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "मंग खाई देखा, साहेब."

साहेबांनी ताटाकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली उघडली.

"तुमले एक घास नको वाटस. आम्ही ते रोज छातीमा लेतस."

मिलचे मजूर नोकरीच्या धास्तीने मांडवाबाहेर उभे होते. ते एकेक करून आत आले आणि तिच्या मागे उभे राहिले. तिचा नवराही आला. परवानगी लांबणीवर पडली.

नवऱ्याचा पंप ती नेमाने न्यायची, पण स्वतःचा खोकला हात झटकून उडवून लावायची. थंडीत एका सकाळी तिला धाप लागली. दवाखान्याला कुलूप होतं, तो दिवस उघडायचा नव्हता. मोठं इस्पितळ लांब, रिक्षातच तिने जीव सोडला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. माझी ती नात्याची कुणी नव्हती, तरी मी घरचं माणूस गेल्यासारखा रडलो.

आता पुन्हा उन्हाळा आहे, आणि बॉयलरची नवी सुनावणी याच आठवड्यात आहे. काल गच्चीवर गेलो. एकाही खाटेवर साडी नव्हती. जिजीच्या खाटेवर तिचा नवरा बिबडे थापत होता, जाड आणि वेडेवाकडे. धाप लागली की कठड्याला टेकायचा, पंप ओढायचा आणि पुन्हा वाकायचा.

"ताट कोण लई जाई?" त्याने विचारलं.

"मी," म्हणालो, आणि कठड्यावरून बोट फिरवून त्याच्यासमोर धरलं.